आप्पा बरा हाय

आधीच सांगून ठेवतो, देवऋषी, भानामती, अंगात येणं यातलं मला काहीही पटत नाही. आणि हे मी शहरात येऊन शिकलो असंही नाही. आमचं धनगराचं घर, जत तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मेंढरांच्या तळावर कुणाच्या ना कुणाच्या अंगात येताना लहानपणापासून बघितलंय. माझे वडील, आप्पा, बाजूला तंबाखू मळत बसायचे आणि म्हणायचे, "ह्येंच्या अंगात वारं येतंय, आन् जतात पावसाचं वारं तेवढं येत न्हाई." मी त्यांचाच मुलगा. घरात आम्ही आप्पाला अरेतुरेच करतो, म्हणून इथेही तसंच लिहितो.

इथले अनुभव बरेच दिवस नुसते वाचत होतो. बरेचसे खोटे वाटले, राग मानू नका. माझाही तसाच वाटेल. इथे कॉम्प्युटरमधले लोक पुष्कळ आहेत, ते खाली उपाय सुचवतील. सुचवा... पण ते सगळे करून झालेत, आणि माझ्याहून शिकलेल्या माणसांनी केलेत.

मी आठवीत असताना आप्पाचा पाय मोडला. मेंढरांमागं कोण जाणार म्हणून माझी शाळा सुटली, ती सुटलीच. पुढे पाय बरा झाला, पण वर्गातली पोरं पुढे गेली होती. मग एका वायरिंगवाल्याच्या हाताखाली कॅमेरे बसवायला शिकलो. जत, सांगली, कराड करत साताऱ्याला आलो. पोवई नाक्याजवळ एका ऑफिसात कॅमेरे बसवत होतो. ते ऑफिस पाटील मॅडमचं. दूध डेअऱ्यांसाठी छोटे छोटे प्रोग्राम करून देतात. मी शिडीवर उभा राहून खालच्या स्क्रीनकडेच बघत होतो म्हणे. त्यांनी विचारलं, "शिकायचंय का?"

एवढंच. दाखला मागितला नाही, किती शिकलास विचारलं नाही. ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायला दिलं, स्वतःचा जुना लॅपटॉप दिला, शेजारी बसवून पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली. त्या बाईचे उपकार माझ्याच्यानं फिटणार नाहीत. हे मी अजूनही म्हणतो, पुढचं सगळं होऊनही म्हणतो. पण तेव्हा मनात सारखी धाकधूक असायची की एक दिवस कुणीतरी विचारेल, हा आठवी नापास इथे खुर्चीवर काय करतोय... आणि मला उठवतील.

आता आप्पाच्या मिस्ड कॉलबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याभोवतीच आहे.

आमच्याकडची मेंढरं दिवाळीनंतर बागायती भागात उतरतात. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रानाला खत होतं, आम्हाला धान्य मिळतं. आमचा तळ बहुतेक कडेगावच्या बाजूला असतो. आप्पाकडे बटणाचा फोन. दिवस मावळला, मेंढरं जाळीत कोंडली की तो मला एक रिंग द्यायचा आणि कट करायचा. मी उचलायचा नाही. एक रिंग म्हणजे आम्ही बरे आहोत. दोन रिंगा म्हणजे फोन कर. हल्ली बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत हे मी त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, "बोलायला काय हाय रोज? वाजला म्हंजे हाय."

पाटील मॅडम सांगलीकडच्या जैन. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हावं लागतं. त्या ऑफिसातच डबा उघडायच्या आणि कामाच्या नादात निम्म्यावर थांबायच्या. माझा फोन एकदा वाजून बंद झाला की म्हणायच्या, "वाजला तुझा आप्पा. आता माझा घास गेला." आणि हसत डबा झाकायच्या. पुढे पुढे त्या घड्याळाकडे बघेनाशाच झाल्या. सागर म्हणून आमचा एक इंजिनिअर आहे, तो म्हणायचा, "मॅडम, तुमचा धर्म आता मेंढरांच्या भरवशावर चाललाय." आप्पाला मी हे सांगितलं तर तो लय खूश. म्हणाला, "बाईला म्हनावं, उद्यापास्नं जरा उशिरा वाजवतो, पोटभर जेवा."

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळण्याची वेळ आली. मॅडमनी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. व्हिडिओवर मुलाखत होणार, त्यात पास झालो तर मी पक्का. मॅडम म्हणाल्या, "त्यांना दाखवायला स्वतःचं काहीतरी लिही. पुस्तकातलं नको. छोटं चालेल."

मी आप्पाचं लिहिलं.

फोनमधले आलेले कॉल एका फाईलमध्ये काढता येतात. ती फाईल वाचायची, आणि आप्पाच्या नंबरवरून मिस्ड कॉल दिसला की त्या दिवसाची तारीख आणि पुढे एक ओळ छापायची – "आप्पा बरा हाय". माझ्या बहिणीचाही असाच कॉल यायचा, तिच्यासाठी "लक्ष्मी बरी हाय". स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, एवढीच. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एडिटर म्हणजे जिथे आपण लिहितो ती जागा, आणि त्याच्या खाली एक काळी पट्टी असते, टर्मिनल. आपण छापायला सांगितलेलं तिथे उमटतं.

चालवली. ओळी भराभर उमटल्या. आप्पा बरा हाय, लक्ष्मी बरी हाय, आप्पा बरा हाय... मला हसू आलं. मग नीट बघितलं तर खालच्या भागात नुसती लक्ष्मीच होती. आप्पा एका तारखेला थांबला होता. अवसेच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या ओळी होत्या, पुढे नाहीत.

पण कॉल तर येत होते. आदल्या संध्याकाळीसुद्धा आला होता. फाईल उघडली, तिच्यात रोजचा कॉल होता. तोच नंबर, मिस्ड. फक्त छापलं जात नव्हतं. एररही नाही. स्क्रिप्ट सरळ शेवटपर्यंत जात होती.

नवशिक्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःचाच संशय येतो. फाईल सेव्ह केली नसेल – केली होती. भलतीच फाईल चालवत असेन – नव्हतो. टर्मिनलऐवजी शेजारचा टॅब बघत असेन – तेही नाही. एडिटर बंद करून उघडला. लॅपटॉप बंद करून उघडला. नंबर हाताने पुन्हा टाइप केला. नंबरामागे न दिसणारी मोकळी जागा असते कधी कधी, तीही तपासली. फोनमधून फाईल नव्याने काढली. तारखेची अटच स्क्रिप्टमध्ये नव्हती, मग ती तारखेला थांबेल कशी?

सागरला बोलावलं. तो आधी हसला. "गड्या, मराठी अक्षरं छापतोयस, फॉन्टचा घोळ असणार." मी म्हटलं, मग वरच्या ओळी कशा आल्या? त्याने "आप्पा बरा हाय" काढून नुसतं "ओके" घातलं. वरचे ओके आले, खालचे नाही. त्याने माझं फोल्डर स्वतःच्या मशिनवर घेतलं. तिथेही तसंच. तेव्हा त्याचं हसू जरा कमी झालं. "तुझा आप्पा कॉम्प्युटरला घाबरतोय बघ," असं काहीतरी बोलून तो चहाला गेला.

दुपारी मॅडम येऊन शेजारी बसल्या. मी सगळं सांगितलं. डीबगर नावाची सोय असते, तिने स्क्रिप्ट एकेक पाऊल टाकत चालवता येते. ज्या ओळीवर काम चाललंय ती ओळ पिवळी होते. मॅडमनी ती लावली. आम्ही दोघं बघत होतो. आप्पाचा कॉल आला की पिवळी पट्टी छापायच्या ओळीवर जायची, ओळ पार करायची, पुढे सरकायची. म्हणजे मशिननं छापलं. पण खाली काळ्या पट्टीत काहीच नाही.

मॅडमनी तीच जागा पुन्हा पुन्हा चालवली. मग विचारलं, "कुठल्या तारखेपासून नाही?"

मी सांगितलं. त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिथे अमावस्येच्या घरात काळा ठिपका असतो. बराच वेळ त्या तिकडेच बघत होत्या. माऊसवरचा हात त्यांनी काढून मांडीवर ठेवला, एवढं मला आठवतं, कारण मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

"हे बंद कर," त्या म्हणाल्या.

"मॅडम, थोडं राहिलंय, सापडेल –"

"बिरू, बंद कर म्हटलं ना. हे पुण्याच्या लोकांना दाखवायचं नाही. दुसरं काहीतरी लिही."

त्या माझ्यावर कधीच आवाज चढवत नसत. मी घाबरलो. वाटलं, संपलं. साधी चार ओळींची स्क्रिप्ट चालत नाही म्हटल्यावर या आता मला काय ठेवून घेतात. मी दुसरं लिहायला घेतलं, दुधाच्या फॅटचा हिशेब, पुस्तकात असतो तसलाच.

त्या संध्याकाळी फोन वाजला. एक रिंग, बंद. स्क्रीनवर "आप्पा" नाव. माझा जीव भांड्यात पडला, कारण खरं सांगायचं तर दिवसभर मनात नको ते येऊन गेलं होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा डबा आधीच झाकलेला होता. तेव्हा लक्षात आलं की बरेच दिवस त्यांनी "वाजला तुझा आप्पा" म्हटलंच नव्हतं. फोन वाजायच्या आधीच त्या जेवून घेत होत्या.

तरीही राहवलं नाही म्हणून मी उलटा फोन केला. चुलत्यानं उचलला, आमचे तात्या. म्हटलं, आप्पाला दे. तात्या म्हणाला, "आत्ता पल्याडच्या रानात गेलाय रं, मेंढी हुकलीया. तुझं कसं हाय? मुलाखत झाली का?" अधेमधे मी फोन केला की असंच काहीतरी व्हायचं. मेंढी हुकली, पाणी आणायला गेला, झोपला. मला संशय का आला नाही असं तुम्ही विचाराल. कॉल येत होता ना रोज. वाजला म्हंजे हाय.

मुलाखत पुढे पुढे जात राहिली. पुण्याचे साहेब बाहेरगावी, मग त्यांची मीटिंग, मग आणखी काही. शेवटी झाली. त्यांनी शिक्षण विचारलं, मॅडमनी मध्येच बोलून ते टाळलं, आणि मी पास झालो. सागरनं पाठीवर थाप मारली. मी मॅडमच्या पाया पडलो. त्या खुर्चीतून उठून मागे सरकल्या, म्हणाल्या, "पाया पडू नको. घरी जाऊन ये. आजच जा."

कंदी पेढे घेतले, कराडमार्गे कडेगावला उतरलो. तात्या मोटरसायकल घेऊन आला होता. गावाबाहेर तोडलेल्या उसाच्या रानात तळ होता. कुत्री अंगावर आली, मग वास ओळखून शेपट्या हलवायला लागली. अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपाशी होती. उठून उभी राहिली.

तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. गळ्यात मणी नव्हते. सुतळीला बांधलेला आप्पाचा फोन तेवढा होता.

त्यानंतरचा थोडा वेळ मला आठवत नाही. पेढ्याचा बॉक्स कुणीतरी हातातून घेतला.

आप्पा अवसेच्या दिवशी सकाळी गेला होता. छातीत दुखतंय म्हणाला, गाडी येईपर्यंत रानातच संपला. आदल्या सांजेलाही दुखत होतं. मला रिंग दिल्यावर तो अव्वाला म्हणाला होता, "बिराला काय सांगू नगासा. त्येचं काम व्हायलंय." एवढं बोलणं. ते त्याने दुखण्याबद्दल म्हटलं होतं, मरणाबद्दल नाही. पण तात्यानं ते धरून ठेवलं. पोरगं मातीला आलं तर मेंढरांमागंच राहील, पाय मोडला तेव्हा राहिलं तसं, परत काय जायचं न्हाई, म्हणून. मातीला लक्ष्मी होती, मी नव्हतो. पाणी धाकट्या चुलतभावानं पाजलं. मी साताऱ्यात स्क्रीनसमोर बसलो होतो.

मी अव्वाला विचारलं, रोज फोन कोण करत होतं.

"मी," ती म्हणाली. "तात्यानं दाखवलं, ह्ये हिरवं दाब, एकदा वाजलं की तांबडं दाब."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी पण. मातीवरनं आल्यावर फोन हातात दिला त्यानं. म्हनला, न्हाई वाजला तर पोरगं फोन करंल."

"तुझा हात कसा धजला, अव्वा?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "त्यो वाजवत हुता तवा तुला वाटायचं आप्पा बरा हाय. मला वाटलं, तेवढंच ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. म्या काय वाईट केलं का रं?"

मी चुलीपाशी तिच्या शेजारी बसलो.

दिवस-पाणी करून साताऱ्याला परत आलो. हो, परत आलो. तात्याला वाटलं होतं तसं झालं नाही. मेंढरं तात्याच बघतो. मॅडमना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं. त्या म्हणाल्या, आप्पा गेला त्याच दिवशी तात्यानं फोन केला होता, मुलाखत होईपर्यंत सांगू नका म्हणून हात जोडले. त्यांना वाटलं चार दिवसांचा प्रश्न आहे. मग मुलाखत पुढे गेली, आणि जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं.

"तुम्ही माझ्या शेजारी बसून डीबगर चालवलात," मी म्हटलं. "तारीख विचारलीत."

"हो."

"तेव्हा तरी सांगायचं."

"त्या दिवशी मला तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, बिरू. आणि त्या स्क्रीनकडे तर अजिबात नाही. मी वीस वर्षं हे काम करतेय. पट्टी ओळीवरून गेली आणि छापलं नाही, असं होत नाही."

मी रागावलो नाही असं म्हणणार नाही. ज्या बाईनं मला खुर्चीवर बसवलं, तिनंच मला बापाच्या मातीपासून लांब ठेवलं. दोन्ही एकाच माणसानं केलं, आणि दोन्ही माझ्या भल्यासाठी. बहिणीनं, चुलत्यानं, आईनं – सगळ्यांनी माझं भलंच केलं. इतकं भलं केलं की धड रडूही येत नाही आणि रागही. मी रोज मॅडमना चहा देतो, त्या रोज विचारतात जेवलास का, आणि आम्ही कामाला लागतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

परत आल्यावर मी ती जुनी स्क्रिप्ट उघडली. अक्षराला हात लावला नव्हता. फाईलही जुनीच. सागर मागे उभा होता, मॅडम त्यांच्या जागेवरून बघत होत्या. चालवली.

सगळं छापलं गेलं. अवसेच्या आधीचं आणि नंतरचंही. शेवटच्या ओळीपर्यंत, एकही दिवस न गाळता – आप्पा बरा हाय. आप्पा बरा हाय. आप्पा बरा हाय. सागर म्हणाला, "बघ, झालं ना सुरळीत," आणि लगेच त्याला कळलं आपण काय बोललो, तो खाली मान घालून गेला.

त्याच्या मशिनवरच्या फोल्डरचंही तेच. त्याने मला पुढे एडिटरचं अपडेट, टर्मिनलची मेमरी असं बरंच समजावलं. मी ऐकून घेतलं. असेलही. पण अपडेटला अवस कुठली हे कसं कळलं? लक्ष्मीची एकही ओळ त्याने का गाळली नाही? मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. मी अंगात येण्यावर विश्वास ठेवत नाही, अजूनही नाही. मला एवढंच दिसतं की त्या सगळ्या दिवसांत माझ्या ओळखीचं प्रत्येक माणूस मला सांगत होतं की आप्पा बरा आहे, आणि ती एक काळी पट्टी तेवढी सांगायला तयार नव्हती. आता तीही सांगते.

स्क्रिप्ट मी पुसली नाही. चालवतही नाही.

दिवस मावळताना फोन अजून वाजतो. नंबर तोच, मी नाव बदललेलं नाही. मॅडमचा डबा त्याआधीच झाकलेला असतो. फरक एवढाच की आता मी एका रिंगेच्या आत उचलतो, तिला तांबडं बटण सापडायच्या आधी.

"उचललास व्हय?" अव्वा म्हणते. "कशाला उचलतोस रोज?"

"कोण बोलतंय बघाय," मी म्हणतो.

"मीच हाय रं."

"बोलत ऱ्हा जरा," मी म्हणतो, आणि ती मेंढरांचं काहीबाही सांगत बसते.